ठोंब्याची किल्ली

आमच्या बेसबॉल संघातला एखादा खेळायला शिकला, की वरच्या श्रेणीतला संघ त्याला उचलून नेतो. आमच्या वाट्याला उरतात ठोंबे. आता राहिलेले सगळे सामने जिंकलो तरी शेवटून पहिलेच. ठोंब्यांतला ठोंब्या विल्मर माझ्याच घरी राहायचा. परगावच्या खेळाडूंना घरात ठेवायची इथली रीत आहे. सकाळी मी त्याला अंडी खाऊ घालायचे आणि दुपारी मैदानाच्या कठड्यावरून ओरडायचे, "विल्मर, मेल्या, बॅट आहे ती, म्हाताऱ्याची काठी नव्हे!" काल त्याने चेंडू कुंपणापार मक्यात टोलावला. सगळे नाचले; मला पुढचं कळलं, मी बसूनच राहिले. सामन्यानंतर तो कठड्याशी आला, माझ्या घराची किल्ली पुढे धरून म्हणाला, "मावशी, वरून बोलावणं आलं." "चार महिने माझं खाऊन आज शिकलास होय? ठेव खिशात. तिथून हाकलतील, तेव्हा दार उघडायला मला उठवू नकोस."