साबणाचा दोष

काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या आनंदी धुरीच्या तळव्यांची सालं निघाली होती आणि बोटांच्या पेरांत पडलेल्या चिरांतून रक्त येत होतं. मालकाने बोलावलेल्या डॉक्टरांनी ते हात लांबूनच पाहिले आणि कागदावर लिहिलं, "घरच्या साबणाची ॲलर्जी. बरी होईपर्यंत कामावर घेऊ नये."

"डॉक्टरांनू, त्याच साबणान माझी सासू रोज कपडे धुता," आनंदी म्हणाली. "तिच्या हातांका कसा काय होत नाय?"

"प्रत्येकाची कातडी वेगळी असते, बाई. पुढच्या बाईला पाठवा."

आनंदी हलली नाही. सात वर्षांत तिने तीनदा हातमोजे मागितले होते आणि तिन्ही वेळा मालक नुसता हसला होता. ती तरातरा आपल्या जागेवर गेली, नुकत्याच फोडलेल्या बियांची टरफलं ओंजळीत भरून आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. काळं, चिकट तेल कागदांवर पसरायला लागलं.

"घरचो साबण नाय ह्यो," ती म्हणाली. "धरा हातात. जरा वेळ धरून बघा."

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. "अहो, उचला ते आधी! त्या तेलाने कातडी जळते!"

दाराशी रांगेत उभ्या असलेल्या बायका उंबऱ्यापर्यंत सरकल्या. आनंदीने कोरा कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"आता बोललात ना, ताच लिवा."

डॉक्टरांनी मालकाला शोधत दाराकडे पाहिलं. तिथून बायका आत येत होत्या, सोललेले हात पुढे करून. त्या दुपारी डॉक्टरांना तेच वाक्य अठरा वेळा लिहावं लागलं.