लाल खिडकी

“रेकॉर्डर तेवढा नको,” तो म्हणाला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. परीक्षा विभागाची मशीनरूम नव्याने उभी राहत होती आणि कुठली साधनं घ्यायची, हे ठरवणं त्याच्याकडे आलं होतं. बॅकअप, पासवर्डची तिजोरी, मशीन आजारी पडलं की हाक मारणारा पहारेकरी, सगळं त्याने भराभर पसंत केलं. गाडी अडली ती रेकॉर्डरपाशी. कुणी, कुठल्या मशीनवरून, काय हुकूम दिला, ते तो टिपून ठेवतो. वर जुन्या खुणाही शोधून काढतो.

“का नको? तो असता तर मागच्या वेळी चौकशीसुद्धा लागली नसती.”

“कबुली मिळालीच होती की, मॅडम. आता जुनी मढी उकरून त्यांची पुन्हा शोभा कशाला?”

त्यांची म्हणजे दाजींची. दाजी हे त्याच्या ताईचे यजमान; पण एकाचे दाजी हळूहळू साऱ्या ऑफिसचे दाजी झाले होते. शब्द टाकून याला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. मग एका दुपारी सरावाच्या मशीनला द्यायचा पुसण्याचा हुकूम मुख्य मशीनला गेला. पडद्यावर दोन्हींच्या खिडक्या काळ्या, एकमेकींना खेटून. लॉगिनही दाजींचं आणि याचं एकच. वर्षभराचे गुण धुऊन निघाले. साऱ्या विभागाने बोटं मोडत ते पुन्हा भरले.

“माझ्याच हातून झालं,” दाजी चौकशीत म्हणाले. “डोळे दगा देतात हल्ली.”

त्यांना शाई-कागदाच्या खोलीत बसवलं. त्यांची खुर्ची याला मिळाली; टेबलावरचं मशीन मात्र याचं जुनंच राहिलं.

खुर्ची मऊ होती, पण तिला पाठ टेकवत नसे. घरातल्या एकाने माती खाल्ली की दुसऱ्याला मान वर करणं जड जातं. ताई फोनवर म्हणायची, “तू तरी नीट कर रे बाबा. ह्यांच्यासारखा वेंधळेपणा नको.” तो ‘हो’ म्हणून विषय बदलायचा.

मॅडम त्याच्या पडद्यावर वाकल्या. “ही खिडकी लाल का?”

“मुख्य मशीनची आहे. काळी ती सरावाची. पुन्हा गफलत नको.”

खरं तर त्या प्रकरणानंतर एका सकाळी तो आला, तेव्हापासून ती लालच होती. दुरुस्तीत कुणीतरी बदलली असेल, म्हणून त्याने फार डोकं चालवलं नव्हतं.

“हुशार आहेस. दाजींना एवढं सुचलं असतं तर!”

त्याने नजर खाली वळवली, पण शाबासकी परत केली नाही.

“असं कर,” मॅडम म्हणाल्या, “त्यांनाच विचारून ये. ते नको म्हणाले, तर नको.”

दाजी शाईचे डबे रचत होते. “या साहेब! काळी देऊ की रंगीत?”

“चेष्टा नका करू, दाजी.”

“चेष्टा कसली? मेहुणा साहेब झाला, थोडं मिरवू तरी दे.”

त्याने डब्यांकडे बघतच रेकॉर्डरचं सांगितलं. जुन्या खुणांचंही.

दाजींनी हातातला डबा खाली ठेवला. “सांग मॅडमना, दाजी नको म्हणाले. एवढं माझ्या नावावर आहे, त्यात आणखी हे.”

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. तो घाईने म्हणाला, “मी तुमच्यासाठी बोलतो, दाजी. तुम्ही परत या. मुख्य मशीनची खिडकी आता लाल आहे. डोळे थकले असले तरी चूक व्हायची नाही.”

दाजींनी डबा उचलला. त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून तो बरोबर खणात ठेवला. चष्मा खिशातच होता.

“लाल रंग बोचत नाही ना तुला?”

“नाही. का?”

“चौकशीला जायच्या आधी घाईघाईत लावला होता. तुझ्या टेबलावरच्या मशीनवर.”

“आणि... तुमच्या?”

“माझ्या कशाला?” दाजींनी पुढचा डबा उचलला. “ते त्या दुपारी बंदच होतं.”