वासाच्या खोलीतला पाहुणा

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "बाई, तुम्हाला वास येतो ना?"

बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. साबणाच्या त्या कारखान्यात वासाची खोली म्हणजे बाईंचं राज्य. सुगंधी तेलाचा एकही डबा त्यांनी हुंगून 'चालेल' म्हटल्याशिवाय पुढे जात नसे. आणि त्यांनाच हा प्रश्न!

तक्रार आली आहे, एवढंच साहेब म्हणाले. कुणाची, ते काही केल्या सांगेनात.

सांगायची गरजच नव्हती. पाहुणा, दुसरं कोण? दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या त्या नव्या माणसाला हे नाव बाईंनीच ठेवलं होतं. बोलायचा कमी, बघायचा जास्त. असली माणसं बाईंना मुळातच खपत नसत. हा तिकडचा हेर आहे, असं त्यांनी चहाच्या वेळी दोनचार जणांच्या कानात घातलं होतं. तेव्हापासून त्याच्याशेजारी डबा खायलाही कुणी बसत नसे.

एकदा खोलीतल्या मोरीला घाण सुटली होती. बाई तिथेच निवांत जेवत बसल्या होत्या. पाहुण्याने काही न बोलता खिडक्या उघडल्या आणि साहेब यायच्या आत मोरीत फिनेल ओतलं. हा आपल्यावर पाळत ठेवतोय, हे बाईंनी त्याच दिवशी ओळखलं.

पंचाईत अशी, की तक्रार खोटी नव्हती. मोठ्या तापातून उठल्यापासून बाईंना कशाचाच वास येत नव्हता. नोकरी गेली तर घर बसणार होतं, आणि इतक्या वर्षांचा मान मातीत जाणार होता तो वेगळाच.

हे ठाऊक होतं फक्त धाकट्या जावेला. तिला इथे चिकटवलं होतं बाईंनीच. तेलात बुडवलेली कागदाची पट्टी आधी तिच्या हातात जायची. तिने चष्मा वर सारला की तेल चांगलं, पेन उचललं की खराब. मग बाई पट्टी नाकाशी धरून, डोळे मिटून, ऐटीत निकाल द्यायच्या. अडीनडीला शेवटी घरचंच माणूस उभं राहतं, असं त्यांना वाटे आणि त्यांचा ऊर भरून येई.

"घ्या की माझी परीक्षा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर घ्या. पण मी खरी ठरले तर त्या नव्या माणसाला इथे ठेवायचं नाही."

साहेबांनी नुसती मान हलवली.

बाहेर पाहुणा उभाच होता. हळू आवाजात म्हणाला, "बाई, परीक्षा नका देऊ. आजारपणाचं खरं काय ते सांगून टाका. साहेब समजून घेतील."

"तुम्ही नाक खुपसू नका," बाई म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

घरी जाताना जावेने त्यांचा हात घट्ट धरला. "ताई, मी आहे ना," ती म्हणाली. बाईंना त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सगळा विभाग खोलीत जमला. टेबलावर तीन पट्ट्या होत्या. पहिली जावेच्या हातातून बाईंकडे आली; जावेने चष्मा वर सारला. दुसरीला पेन उचललं. तिसरीला पुन्हा चष्मा.

"पहिली उत्तम," बाई म्हणाल्या. दुसरीला त्यांनी चांगलं नाक मुरडलं. "हे तेल खवट झालंय, टाकून द्या. तिसरी चालेल."

पाहुण्याने मान खाली घातली. ते पाहून बाईंना मनापासून बरं वाटलं. "आता सांगा साहेब," त्या म्हणाल्या, "कोणाला घालवताय?"

"बाई, तिन्ही पट्ट्यांना नुसतं पाणी लावलं होतं."

बाई पाहुण्याकडे बोट रोखत म्हणाल्या, "ही याचीच कारस्थानं. या मेल्याने माझा घात केला."

"तो तर कालपासून तुमच्यासाठी माझ्याकडे रदबदली करतोय," साहेब म्हणाले. "तक्रार तुमच्या जाऊबाईंची आहे. पट्ट्याही सकाळी त्यांनीच भिजवून आणल्या."