तिसऱ्या बिंदूचं माप

बिंदू एक : ८.१ मिलिमीटर

सेन्सर नाण्याएवढा. पंपघराच्या ऑपरेटरने तो पाइपावर दाबून धरला आणि पट्टा आवळला. फोन स्पीकरवर होता. मोजणीवाला शहरातल्या ऑफिसातून एकेक पायरी सांगत होता. आकडा त्याच्याकडे पोचला तर सेन्सरवर हिरवा दिवा, नाहीतर लाल. हिरवा लागला. पाइप आतून गंजून किती झिजला, किती जाडी उरली, हे आता दर तासाला त्याला खुर्चीत बसून कळणार होतं.

"तुमची खेप वाचली म्हणायची," ऑपरेटर म्हणाली.

"हो. सोय झाली," तो म्हणाला.

बिंदू दोन : ७.९

अकरा वर्षं तो दर सहा महिन्यांनी येत होता. पाइपाला यंत्र टेकवून तो आकडा सांगायचा, ती लिहून घ्यायची. बोलणं म्हणजे बहुतेक आकडेच. त्या दिवशी तिचे केस जरा नीट विंचरलेले दिसले की वॉचमनकाका म्हणायचे, पाइपाचा डॉक्टर येणार वाटतं आज. पेशंट तर ठणठणीत दिसतोय.

बिंदू चार : ८.०

तीन सोडून चार कसा, असं त्याने विचारलं नाही.

तीन म्हणजे पाइप वळतो तो कोपरा. झीज तिथे सगळ्यात आधी होते. तिथलं माप तो दोनदा घ्यायचा, कधी तीनदा. खात्री केलेली बरी, म्हणायचा. दोन्ही-तिन्ही वेळा आकडा तोच यायचा.

बिंदू तीन :

सेन्सरखाली चिकट जेलचा थर नसेल तर माप येत नाही, हे त्यानेच सकाळी बजावलं होतं. माप आलं नाही तर माणूस पाठवावा लागतो, हेही.

तिने ट्यूबचं झाकण उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

पाइपात ॲसिड होतं. भिंतीपलीकडे कामगार जेवायला बसत.

तिने जेल नीट, कडेपर्यंत पसरलं. सेन्सर बसवला. पट्टा आवळला. दिवा हिरवा. शेजारी आकडा, ६.८. सहाच्या खाली गेला की धोका. म्हणजे अजून बरीच वर्षं काळजी नव्हती.



"आला ना आकडा?" तिने विचारलं.

"नाही. इथे काही दिसत नाही."

तिने दिव्याकडे पाहिलं. सेन्सर चाचपला. पट्टा जिथल्या तिथे होता.

"दिवा कुठला लागलाय?" त्याने विचारलं.

पंप धडधडत होता. तिने स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी धरला.

"लाल," ती म्हणाली. मग एखादी वाईट बातमी द्यावी तशा आवाजात, "म्हणजे तुम्हाला यावं लागेल."

"आता काय करणार," तो म्हणाला.