शपथेची टोपी

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, उघड्या डोक्याने देवाचं नाव घेत नाही, म्हणून ज्युरीच्या शपथेसाठी बायकोने इस्त्रीची टोपी माझ्या खिशात घातली होती. अकरा गोऱ्यांदेखत ती खिशाबाहेर काढवेना. त्यांच्यासारखीच बोडक्याने शपथ घेतली. आरोपी मात्र पगडीनिशी उभा होता: इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीचाच शीख बस-कंडक्टर, पोलिसाला मारल्याचा आरोप. पुरावा पोकळ होता, मला स्वच्छ दिसत होतं. दोषी ठरवायला बारांपैकी दहा मतं लागत. ज्युरीच्या खोलीत नऊ हात वर गेले. सगळे माझ्याकडे वळले. "तुमच्यातलाच ना तो?" एकाने हसत विचारलं. "छे, माझा काय संबंध!" म्हणत मी हात वर केला. बोडक्याने घेतलेली शपथ थोडीच बाधते, मनाला समजावलं. घरी बायकोने विचारलं, "टोपी घातलीत ना?" "हो." तिने खिशातून टोपी काढली. घडी मोडलेली नव्हती. माझ्या डोक्यावर ठेवत म्हणाली, "आता सांगा."