नांगराला हात

दुर्पताने ग्राइंडर उचलला आणि तिचा नवरा लखन आडवा आला. अंगणात ट्रॅक्टरचा नांगर पडला होता. त्याच्या फ्रेमची जाड पट्टी मधोमध तुटली होती. अर्धं गाव बघायला जमलं होतं. लखन हळूच म्हणाला, की बाबांचा तरी विचार कर.

लग्नाआधी ती आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली होती. घरच्या लाइटवर चालणाऱ्या, तार वितळवून लोखंड जोडणाऱ्या छोट्या मशीनवर तिने गावाची फाटकं आणि खिडक्या जोडल्या होत्या. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण नांगराला बाईने शिवायचं नाही, शिवलं तर जमीन रुसते, असं गाव मानत आलं होतं. मागे एकदा धान करपलं, तेव्हा ट्रॅक्टरवरून उतरताना दुर्पताने नांगराचा आधार घेतल्याची चर्चा महिनाभर चालली. तेव्हापासून ती नांगराला वळसा घालून जायची.

सालेकस्याच्या वर्कशॉपमध्ये रांग होती. नंबर लागेपर्यंत नांगरणीजोगा वाफसा निघून गेला असता. शेवटी तिचे सासरे बकाराम म्हणाले, करू दे.

शेजारचा खुशाल हसला. ‘‘वहिनी, ही मशीन लोखंड जोडून राहिली का डिंक लावून राहिली?’’

तुटलेल्या कडा दुर्पताने तिरप्या घासल्या, गॅसच्या ज्योतीने तापवल्या आणि खाचेच्या तळापासून थरावर थर चढवले. मशीन तापून बंद पडायचं. ती थांबायची. निवलं की पुन्हा सुरू. व्होल्टेज पडलं, तसं तिने शेजाऱ्यांना पाण्याच्या मोटारी बंद करायला लावल्या. खुशालची सगळ्यांत आधी. शेवटी तिने सांधा हळूहळू निवावा म्हणून कोंड्याच्या राखेत पुरला.

संध्याकाळी लखनने राख सारून घण मारला. मग खुशालने मारला, जरा जास्तच जोरात. सांधा हलला नाही.

तरी हा नांगर आता शेतात न्यायचा की नाही, ते बकाराम सांगणार होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. घामाने तिच्या कपाळावरची राख ओघळली होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, ‘‘सूनबाईचा हात कुठं लागला? हातात मोजे होते. लागली ते तार लागली.’’

अंगण सैल झालं. कोणी तंबाखू मळायला घेतली. लखनच्या चेहऱ्यावर हसू आलं. बायकोवर आता काही येणार नव्हतं.

दुर्पताने मोजे काढले. पट्टी अजून कोमट होती. तिने सांध्यावर दोन्ही उघडे तळवे टेकवले आणि सगळ्यांच्या देखत तसेच ठेवले.

‘‘आता लागला, मामाजी,’’ ती सासऱ्यांना म्हणाली. ‘‘यंदा धान पिकलं, तं तेव्हाबी मायंच नाव घेजा.’’