ऊन पिणारी प्लेट

"सोलरची प्लेट ऊन पिऊन टाकते, शेजारचे पापड ओलेच राहतात," अशी थाप मी गिरणीत, दळणाच्या रांगेत मारली. सगळे हसले. पापड विकून जगणाऱ्या सुंद्रावहिनींना मात्र ती खरी वाटली. प्लेट बसवायचं समजावायला आलेल्या मुलीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

आता भारनियमनात माझ्याकडे छपरावरच्या सोलरवर पंखा फिरतो आणि शेजारी त्या घामाने निथळत पापड लाटतात. शेवटी माझ्याच प्लेटेशेजारी वाळवलेले चार पापड घेऊन गेलो. म्हणालो, "वहिनी, तेव्हा मी खोटं बोललो होतो."

त्यांनी एक मोडून पाहिला. कट्कन तुटला.

"चुलीवर शेकून आणलेत. माझं मन राखायला किती थापा माराल, भावजी?" त्यांनी हातातला विंझणा माझ्याकडे वळवला. "उन्हातनं आलात. बसा, वारा घालते."